रानातल्या बियांचे वाटेकरी

उन्हाळा सरत आला की बालाघाटच्या डोंगररांगेत झाडांखाली बियांचा सडा पडलेला दिसतो. बाभळीच्या माळेसारख्या शेंगा, चिंचेचे आकडे, बहाव्याच्या काळ्या दांड्या, पळसपापड्या आणि पावसाच्या तोंडावर पिवळ्याजर्द निंबोळ्या. एका मोठ्या बाभळीखाली हजारोंनी बिया पडतात. पण मृगाचा पाऊस होऊन गेल्यावर त्याच झाडाखाली बोटभर रोपे मोजायला गेले, तर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच सापडतात. मधल्या काळात उरलेल्या बिया जातात कुठे? काही कुजतात, काही उंदीर, खारी आणि पाखरे फस्त करतात. मात्र फार मोठा वाटा ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही अशा कीटकांचा असतो. भुंगेरे, सोंडकिडे, ढेकण्या, पतंगांच्या अळ्या आणि मुंग्या हे रानातल्या बियांचे खरे वाटेकरी होत.

लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुका आणि त्याला लागून असलेला नांदेड जिल्ह्याचा कंधार-लोहा हा पट्टा बालाघाटच्या पठारावर, मन्याड नदीच्या खोऱ्यात वसलेला आहे. येथील रान कोरडे, पानगळीचे आणि विरळ. बाभूळ, हिवर, खैर, पळस, आपटा, बहावा, शिरीष, बोर, सीताफळ, कडुलिंब आणि तरवड ही येथील ओळखीची झाडेझुडपे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार लातूर जिल्ह्याचे वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. राज्याची सरासरी सुमारे साडेसोळा टक्के आहे, तर १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने एकतृतीयांश भूभागाचे उद्दिष्ट ठेवले होते. जिथे रानच इतके थोडे, तिथे प्रत्येक बीचा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

भुंगेरे : बीच्या आतले बिऱ्हाड

कडधान्याच्या डब्यात तूर किंवा हरभऱ्याच्या दाण्याला गोल भोक पडलेले प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. हे काम करणाऱ्या भुंगेऱ्यांचे भाईबंद रानातही असतात. शास्त्रज्ञ त्यांना ब्रुकिड असे म्हणतात. पूर्वी त्यांचे स्वतंत्र कुळ मानले जाई. आता पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या मोठ्या कुळातील एक उपकुळ म्हणून त्यांची गणना होते. त्यांच्यातील बहुसंख्य जाती शेंगा धरणाऱ्या झाडांवर जगतात. बाभूळ, खैर, शिरीष, चिंच, सुबाभूळ अशी शेंगांची झाडे कोरड्या प्रदेशात अधिक, त्यामुळे मराठवाड्यासारख्या भागात या भुंगेऱ्यांचे महत्त्वही अधिक.

त्यांचा जीवनक्रम साधा पण कमालीचा नेटका असतो. मादी शेंगेच्या सालीवर किंवा उघड्या पडलेल्या बीवर अंडी चिकटवते. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी तेथूनच बीच्या कठीण आवरणात शिरते. एकदा आत गेली की तिला अन्न, निवारा आणि संरक्षण सारे एकाच जागी मिळते. बीतील दले खाऊन अळी वाढते आणि बहुतेक जातींत बीच्या आतच कोषावस्थेत जाते. त्यापूर्वी ती आवरणाला आतून कुरतडून एक पातळ गोल झडप ठेवते. भुंगेरा तयार झाला की ती झडप ढकलून बाहेर पडतो. रानात सापडणाऱ्या बाभळीच्या बीला टाचणीच्या डोक्याएवढे जे सुबक भोक दिसते, ते त्याच्या निर्गमनाचे दार असते, प्रवेशाचे नव्हे. प्रवेशाची खूण इतकी बारीक असते की साध्या डोळ्यांना ती दिसतच नाही. म्हणूनच वरून सुदृढ दिसणाऱ्या बीच्या आत अळी असू शकते.

हा हल्ला दोन टप्प्यांत होतो. पहिला शेंग झाडावर असतानाच, दुसरा ती जमिनीवर पडल्यानंतर. पहिल्या पिढीचे भुंगेरे बाहेर पडले की ते त्याच झाडाखालील उरलेल्या बियांवर पुन्हा अंडी घालू शकतात. शेंगा जितका काळ झाडाखाली पडून राहतील, तितके नुकसान वाढत जाते. पालापाचोळ्याखाली चाललेले हे काम पहिला पाऊस येईपर्यंत थांबत नाही.

चिंच आणि भुईमूग यांचा समान शत्रू

या गटातील एक कीटक शेतकरी आणि वनरक्षक या दोघांच्याही ओळखीचा आहे. कॅरिडॉन सेराटस हे त्याचे शास्त्रीय नाव. तपकिरी रंगाचा, साधारण चार ते सात मिलिमीटर लांबीचा हा भुंगेरा मागील पायांच्या जाड, दातेरी मांड्यांवरून ओळखता येतो. चिंच तसेच आपटा-कांचनाच्या गटातील झाडे ही त्याची रानातली जुनी यजमान. चिंचेच्या आकड्यावर मादी अंडी घालते, अळी टरफल आणि गर भेदून चिंचोक्यात शिरते. इतर अनेक भुंगेऱ्यांप्रमाणे ती बीच्या आत कोष न करता बहुधा बाहेर येऊन कागदासारखा पातळ पांढुरका कोष विणते. उष्ण हवामानात अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा प्रवास साधारण सहा आठवड्यांत पुरा होतो.

भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक. ते आशिया आणि आफ्रिकेत आले तेव्हा या भुंगेऱ्याला जणू तयार अन्नाचे नवे कोठार मिळाले. चिंचेवरून तो साठवलेल्या शेंगांकडे वळला आणि आज टरफलासह साठवलेल्या भुईमुगाची ती एक प्रमुख कीड मानली जाते. खळ्याशेजारी चिंचेचे झाड असेल आणि त्याखाली जुन्या शेंगा पडून असतील, तर कीड तेथूनच साठवणीत शिरण्याचा संभव असतो. लातूरची बाजारपेठ चिंचेच्या व्यापारासाठी ओळखली जाते. चिंच फोडून चिंचोके वेगळे करण्याच्या कामावर अनेक स्त्रियांची हंगामी रोजी अवलंबून असते, आणि चिंचोक्याची पूड कापडाच्या खळीसाठी वापरली जाते. भुंगेऱ्याने पोखरलेला चिंचोका ना खळीच्या कामाचा, ना पेरणीच्या.

लाल ढेकण्यांचे मेळे

एप्रिल-मे महिन्यांत काटेसावरीची बोंडे उकलतात. कापसाबरोबर तिच्या काळसर बिया वाऱ्यावर पसरतात आणि बऱ्याचशा झाडाखालीच उतरतात. काही दिवसांतच तेथे लाल-काळ्या रंगाच्या कीटकांची दाटी होते. या लाल ढेकण्या होत. कपाशी पिकवणाऱ्या नांदेड-परभणीच्या शेतकऱ्याला त्या नव्या नाहीत. पक्व बोंडातील सरकीचा रस शोषून रुईला डाग पाडणारी डिस्डर्कस कोनिगी ही तीच जात. सावर, कपाशी, भेंडी आणि अंबाडी ही सारी परस्परांची नातलग झाडे असल्याने शेतात पीक नसते तेव्हा रानातील सावर त्यांना आधार देते.

भुंगेऱ्याप्रमाणे ढेकणी बी पोखरत नाही. ती आपली सुईसारखी सोंड बीमध्ये खुपसते, आत लाळ सोडते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. बी बाहेरून जशीच्या तशी दिसते. आत मात्र अंकुर सुकलेला असतो. कुसुमाच्या झाडाखाली याच पद्धतीने बिया निकामी करणारी लेप्टोकोरिस ही ढेकणीची दुसरी जात आढळते. या मेळ्यांतही निसर्गाची एक गंमत आहे. लाल ढेकण्यांसारख्याच रंगाची अँटिलोकस नावाची त्यांची चुलत बहीण त्यांच्यात मिसळून राहते आणि त्यांनाच पकडून खाते.

मुंग्यांची कोठारे

मुंगी कण कण साठवते, हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगितले जाते. प्राचीन ग्रीकांनीही तसे लिहून ठेवले होते. तथापि उत्तर युरोपातील मुंग्या धान्य साठवत नाहीत, यावरून तेथील अनेक अभ्यासकांनी ही गोष्ट कविकल्पना ठरवून टाकली होती. ती खरी असल्याचा आधुनिक काळातील एक महत्त्वाचा पुरावा पुण्यातून मिळाला. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनची पाहणी करणारे कर्नल विल्यम साइक्स यांना पुण्याच्या माळावर गवताच्या बियांच्या लहान लहान राशी दिसल्या. पावसाने भिजलेले बी मुंग्यांनी वारुळातून वर आणून उन्हात वाळत घातले होते. साइक्स यांनी हे वर्णन १८३५ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि त्या मुंगीला 'प्रॉव्हिडेन्स', म्हणजे भविष्याची तरतूद करणारी, असे नाव दिले. फिडोल प्रॉव्हिडेन्स या नावाने ती आजही ओळखली जाते. पुढे १८७३ मध्ये इंग्रज निसर्गअभ्यासक मॉग्रिज यांनी दक्षिण फ्रान्समधील मुंग्यांवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि या विषयावरील वाद जवळजवळ मिटला.

माळरानावर वारुळाच्या तोंडाभोवती फोलपटांचे गोल कडे दिसले, तर आत धान्य वेचणाऱ्या मुंग्यांची वसाहत आहे असे समजावे. त्यांचा मुख्य भर गवताच्या बारीक बियांवर असतो. चिंचोका किंवा बहाव्याची बी त्यांच्या आवाक्याबाहेरची. पण पाखरांच्या विष्ठेतून पडलेल्या वड, पिंपळ, उंबर यांच्या मोहरीहून लहान बिया त्या सहज उचलून नेतात. यातील सर्वच बिया खाल्ल्या जात नाहीत. काही वाटेत गळतात, काही वारुळाच्या उकिरड्यावर टाकल्या जातात आणि तेथील भुसभुशीत, सकस मातीत रुजतात. एरंडाच्या बीच्या टोकाला असलेली मऊ गाठ तर मुंग्यांसाठीच असते. ती गाठ खाऊन मुंग्या उरलेली कठीण बी टाकून देतात. एरंडाची बी मूळ झाडापासून दूर जाते. त्यामुळे मुंगीला बियांची केवळ लुटारू म्हणणे अन्यायाचे होईल.

पतंग, सोंडकिडे आणि वाळवी

बहाव्याची शेंग हे स्वतंत्र जग आहे. हातभर लांबीच्या त्या दांडीत एकेक बी एकेका कप्प्यात, चिकट काळ्या गरात बसवलेली असते. ट्रॅकिलेपिडिया नावाच्या लहान पतंगाची अळी या शेंगांत शिरून कप्पे पोखरत जाते. माकड किंवा कोल्हा शेंग फोडून गर खातो तेव्हा बिया मोकळ्या होऊन दूरवर पडतात. असा प्राणी फिरकलाच नाही, तर शेंग झाडाखाली पडून राहते आणि किडीला निवांत वेळ मिळतो.

बोराच्या आठोळीत ऑबियस नावाचा सोंडकिडा राहतो. मादी कोवळ्या फळावर अंडी घालते आणि अळी आठोळीतील मगज खाते. असे फळ वाढ खुंटून गळते. आंब्याच्या कोयीतील भुंग्याची कथा याहून दूरवर पोहोचली आहे. हा कीटक फळाच्या गराला फारसा अपाय करत नाही, कोय मात्र पोखरतो. तथापि ही कीड आपल्या देशात येऊ नये, यासाठी अमेरिकेने भारतीय आंब्याला दीर्घकाळ दार बंद ठेवले होते. ते उघडले २००७ मध्ये. नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रात किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेला आंबा तेव्हापासून तिकडे जाऊ लागला.

किनवट-माहूरच्या सागाच्या जंगलात याच्या उलट चित्र दिसते. सागाच्या फळावर लोकरीसारखे जाड आवरण असते आणि त्यामुळे बी रुजायला फार वेळ लागतो. वाळवी आणि मुंग्या हे आवरण कुरतडून काढतात. आतील कठीण कवचाला त्या धक्का लावत नाहीत. असे स्वच्छ झालेले फळ अधिक लवकर रुजते, असा रोपवाटिकांचा अनुभव आहे.

झाडांचे प्रतिडाव

झाडे हे सारे निमूटपणे सोसतात असे नाही. बाभूळ, खैर आणि बहावा यांच्या बियांचे आवरण दगडासारखे कठीण असते. सुबाभळीत मायमोसिन आणि गुंजेत अॅब्रिन अशी विषारी द्रव्ये असतात. मात्र विषालाही तोड निघते. कोस्टा रिकातील एका वेलीच्या बियांत कॅनाव्हनीन हे विष मोठ्या प्रमाणात असते; तरीही ब्रुकिडांची एक जात केवळ त्याच बियांवर जगते आणि विषातील नायट्रोजनही स्वतःच्या पोषणासाठी वापरते.

दुसरा डाव विपुलतेचा. काही झाडे एखाद्या वर्षी बियांचा असा पूर आणतात की खाणाऱ्यांची पोटे भरूनही बिया उरतात. दीर्घकाळाची बीजसंपत्ती एकदम उधळणारा बांबू हे त्याचे टोकाचे उदाहरण. तिसरा डाव कीटकांच्या शत्रूंचा. भुंगेऱ्यांच्या अंड्यांत आणि अळ्यांत आपली अंडी घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या रानात मोठ्या संख्येने असतात व भुंगेऱ्यांची संख्या आटोक्यात ठेवतात.

खाणारेच रान घडवतात

बिया खाणारे कीटक रानाचे शत्रू की मित्र, या प्रश्नाला १९७० मध्ये एक अनपेक्षित उत्तर मिळाले. अमेरिकी शास्त्रज्ञ डॅनियल जेन्झन यांनी त्या वर्षी आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये स्वतंत्रपणे असा विचार मांडला की, मूळ झाडाखाली बिया दाट पडतात म्हणून त्या खाणारे कीटकही तेथेच जमतात. परिणामी झाडाच्या सावलीत त्याच जातीचे रोप क्वचितच जगते. दूर पडलेली एखादी बी मात्र वाचते. झाडाखालची मोकळी राहिलेली जागा दुसऱ्या जातीला मिळते. अशा रीतीने कोणतीही एक जात सारे रान व्यापू शकत नाही. मध्य अमेरिकेतील बेलीझच्या जंगलात काही तुकड्यांवर कीटकनाशक आणि बुरशीनाशक फवारून या विचाराची परीक्षा घेण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बुरशीनाशकामुळे रोपांतील विविधता घटली, तर कीटकनाशकामुळे रोपांची संख्या आणि जातींचे परस्पर प्रमाण बदलले. अदृश्य वाटेकरी हटवले की रानाचा तोल ढळतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

याच गुणाचा उपयोग करून घेण्याचेही प्रयत्न झाले. सुबाभूळ बेसुमार पसरू लागल्यावर दक्षिण आफ्रिकेने १९९९ मध्ये तिच्या बिया खाणारा अमेरिकेतील भुंगेरा मुद्दाम सोडला. तिच्या प्रसाराला लगाम घालणे हा त्यामागचा हेतू होता.

शेळीचे पोट आणि बाभळीची बी

बाभळीच्या बाबतीत आणखी एक पात्र या कथेत येते, ते म्हणजे शेळी. उन्हाळ्यात चारा आटतो तेव्हा बाभळीच्या गोडसर शेंगा शेळ्यामेंढ्यांचा मोठा आधार असतात. शेळी शेंग खाते आणि रात्री वाड्यात रवंथ करताना कठीण बिया थुंकून टाकते. काही लेंडीवाटे बाहेर पडतात. शेंग पडल्याबरोबर खाल्ली गेली, तर बीत नुकत्याच शिरलेल्या अळ्यांपैकी बऱ्याच पोटातच मरतात आणि आवरणही मऊ होते. आफ्रिका आणि इस्राएलमधील बाभूळवर्गीय झाडांच्या अभ्यासांत हेच आढळले आहे. वाड्यातून वेचलेले बाभळीचे बी पेरणीसाठी उत्तम, ही भारतीय वनाधिकाऱ्यांची जुनी जाण आहे. अर्थात शेळीचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो, कारण बी वाचवणारी तीच शेळी उगवलेले रोप खुडून टाकते.

विरळ रानाचे गणित

दाट रानात कीटकांनी निम्म्याहून अधिक बिया खाल्ल्या तरी रान टिकते. विरळ रानात तसे घडत नाही. एखाद्या टेकडीवर खैराची किंवा शिरीषाची चारदोनच झाडे उरली, तर त्यांच्या थोड्या बियांनी भुंगेऱ्यांची भूक भागत नाही. जवळजवळ सर्व पीक खाल्ले जाते. बी दूर नेणारे कोल्हे, उदमांजरे आणि पाखरे कमी झाली की बिया झाडाखालीच, म्हणजे नेमक्या धोक्याच्या जागी पडून राहतात. म्हातारी झाडे उभी दिसतात, पण त्यांच्यामागे तरुण पिढी नसते. चाकूर तालुक्यातील दुर्मीळ औषधी वनस्पतींसाठी ओळखले जाणारे वडवळ नागनाथ बेट किंवा धाराशिव जिल्ह्यातील येडशीचे रामलिंग अभयारण्य यांसारख्या उरल्यासुरल्या हिरव्या बेटांचे मोल यावरून लक्षात यावे. भोवतालच्या रानासाठी ती बियांची आगरे आहेत.

राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. २०१६ मध्ये दोन कोटींचे असलेले उद्दिष्ट २०१९ मध्ये तेहतीस कोटींवर नेण्यात आले. बीजगोळे टाकण्याचे उपक्रमही शाळाशाळांतून होतात. या साऱ्याचा पाया चांगले बी हा आहे, आणि तेथेच बहुधा दुर्लक्ष होते. झाडाखाली महिनाभर पडलेल्या शेंगा गोळा करून पोते भरले, तर बियांबरोबर भुंगेऱ्यांचीही साठवण होते. पोत्यात त्यांची पुढची पिढी निपजते आणि पाऊस येईतो हाती पीठ उरते.

त्यावरचे उपाय सोपे आहेत. शेंगा शक्यतो झाडावरून किंवा पडल्याबरोबर गोळा कराव्यात. बिया लगेच मोकळ्या करून उन्हात वाळवाव्यात. पाण्यात टाकल्यावर तरंगणाऱ्या आणि भोके पडलेल्या बिया काढून टाकाव्यात. उरलेल्या बिया घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवाव्यात आणि त्यात राख मिसळावी. पेरणीपूर्वी बाभूळ, शिरीष यांच्या बिया गरम पाण्यात भिजवल्यास आवरण मऊ होते. कडुलिंबाचे बी मात्र साठवण्याच्या फंदात पडू नये. काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती घटू लागते. बीजगोळ्यातील मातीचे आवरण मुंग्या-उंदरांपासून काही काळ बीचे रक्षण करते, पण आत आधीच अळी असेल तर ते निरुपयोगी ठरते.

झाडाखालच्या कीटकांवर विष फवारणे हा मार्ग नव्हे. त्याने गांधीलमाश्या, मुंग्या आणि वाळवीही मरतील. हजारो वर्षे बिया खाऊनही या कीटकांनी बालाघाटचे रान संपवले नाही. ते संपत आले आहे कुऱ्हाडीने, नांगराने आणि वणव्याने. रान दाट झाले की वाटेकऱ्यांचा वाटा देऊनही रुजण्यापुरते बी उरते.